निघतो म्हणणारा भाडेकरू

घर, भाडं, करार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी कोथरूडला राहते, वय ६८. मिस्टर गेल्यापासून त्यांची फॅमिली पेन्शन आणि शेजारच्या सोसायटीतल्या आमच्या वन बीएचकेचं भाडं, यावर माझं चालतं. १ जूनपासून तो फ्लॅट एका नवरा-बायकोला अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिला आहे. भाडं २२ हजार, डिपॉझिट ६६ हजार, लॉक-इन (म्हणजे ज्या मुदतीत करार मध्येच मोडायचा नाही) सहा महिने, नोटीस एक महिना. करार ऑनलाइन रजिस्टर केला आहे. माणसं चांगली, भाडं पाच तारखेच्या आत येतं. १४ सप्टेंबरला रात्री साडेदहाला त्या मुलाचा व्हॉट्सअ‍ॅप आला : ‘काकू, कंपनीने बंगळुरूला बोलावलंय. १० ऑक्टोबरला फ्लॅट सोडतोय. डिपॉझिट त्याच दिवशी जीपे केलंत तर बरं होईल.’ मला इतका राग आला की मी उत्तरच दिलं नाही. असं मध्येच कसं जाता येतं? माझे दीर म्हणतात, लॉक-इन मोडलं ना, मग सगळं डिपॉझिट ठेवून घ्या. मुलगी म्हणते, जाऊ दे गं, कशाला कटकट. एजंट म्हणतो, पेंटिंगचे अठरा हजार तरी कापाच, सगळेच कापतात. शिवाय डिपॉझिट मी एफडीत टाकलंय, ती मार्चमध्ये सुटते. काय करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, तुमचं पत्र हातात पडलं त्या संध्याकाळीच आपण फोनवर बोललो, कारण तारखा जवळ आल्या होत्या आणि मासिक काही १० ऑक्टोबरच्या आत निघणार नव्हतं. पण त्यानंतर याच विषयावर आणखी चार पत्रं आली. म्हणून तुमच्या परवानगीने आपलं बोलणं इथे लिहून काढते, आणि पुढे काय झालं तेही.

तुम्हाला पहिलं सांगितलं ते हे, की त्या मेसेजला आजच्या आज उत्तर द्या. घरमालक चार दिवस गप्प बसला की समोरचा ‘काकूंना चालतंय’ असं धरून चालतो आणि सामान हलवणाऱ्याला अ‍ॅडव्हान्स देऊन मोकळा होतो. तुम्ही जे लिहिलंत ते मला फार आवडलं : ‘मेसेज मिळाला. ३० नोव्हेंबरपर्यंत लॉक-इन आहे. रविवारी सकाळी दोघं चहाला या, करार घेऊन या, हिशेब बोलू.’ यात राग नाही आणि होकारही नाही. ते आल्यावर त्याच्याकडून एक सही केलेलं पत्र घ्यायला सांगितलं : मी अमुक कारणाने अमुक तारखेला जागा सोडू इच्छितो. करारात नोटीस लेखी म्हटलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवरची नोटीस खरी की खोटी यावर वकिलांना वाद घालू दे. आपण कागद घ्यावा.

आता ‘असं कसं जाता येतं?’ जाता येतं. कोणत्याही कोर्टाने कुणाला भाड्याच्या घरात जबरदस्तीने राहायला लावल्याचं मी माझ्या बत्तीस वर्षांच्या करारलेखनात पाहिलेलं नाही. जाणारा जातो. त्याच्या जाण्याचे पैसे कुणी किती द्यायचे, एवढाच प्रश्न असतो.

तरी तुमचा राग मला कळतो, कारण तो मला माझ्या वडिलांकडून मिळालाय. नारायण पेठेत आमचा वाडा होता. वरच्या मजल्यावर तीन बिऱ्हाडं, त्यातल्या एकाचं भाडं महिन्याला अकरा रुपये. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं म्हणून धरलं, आणि ते तिथेच राहिलं. पावसाळ्यात कौलं फुटली की वडील वर जाऊन कौलं बदलायचे आणि खाली येऊन पावतीपुस्तकात अकरा रुपयांची नोंद करायचे. मग लोकांनी युक्ती काढली, ‘भाडेकरू’ म्हणायचंच नाही, ‘परवाना दिलाय’ म्हणायचं, म्हणजेच लिव्ह अँड लायसन्स. तर १९७३ साली कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो परवान्यावर राहत होता तोही संरक्षित भाडेकरू झाला. दुधाने पोळलेले आमचे लोक पुढची पंचवीस वर्षं ताक फुंकत बसले. पुण्या-मुंबईत कितीतरी घरं कुलपात राहिली, भाड्याने गेलीच नाहीत. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम २४ ने मालकाला हायसं वाटलं : परवान्याची मुदत संपली की जागा सोडायची, नाही सोडली तर भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई.

हे पुराण एवढ्यासाठी सांगितलं, की आपला अख्खा करार ‘निघत नाही’ म्हणणाऱ्यासाठी लिहिलेला असतो. ‘निघतो’ म्हणणाऱ्यासाठी त्यात जेमतेम दोन कलमं असतात, आणि ती सही करताना कुणी वाचत नाही. तुम्ही मला फोनवर वाचून दाखवलीत. लॉक-इनच्या कलमात होतं, की त्या मुदतीत मालकाने जागा सोडायला सांगायची नाही आणि राहणाऱ्यानेही आपणहून सोडायची नाही. तरीही त्याने सोडली तर उरलेल्या लॉक-इनचं भाडं द्यायचं. आणि मालकाने काढलं तर मालकाने राहणाऱ्याला भरपाई द्यायची. हे दुसरं वाक्य तुमच्या दिरांना मुद्दाम वाचून दाखवा. लॉक-इन दोघांना आहे. उद्या मुलगी अमेरिकेहून परत आली आणि तुम्हाला फ्लॅट हवा झाला असता, तर हेच कलम तो तुमच्यासमोर धरून उभा राहिला असता.

आता आकडे. लॉक-इन ३० नोव्हेंबरला संपतं. म्हणजे जास्तीत जास्त ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या दोन महिन्यांचे ४४ हजार. ६६ हजार कोणत्याच हिशेबात बसत नाहीत. आणि लॉक-इन अधिक एक महिन्याची नोटीस अशी बेरीजही करायची नाही, कारण १४ सप्टेंबरपासूनचा नोटिशीचा महिना लॉक-इनच्या पोटातच संपतो. एकाच दिवसाचं भाडं दोन नावांनी मागता येत नाही. हा घोळ मी दर महिन्याला पाहते, आणि सांगायला लाज वाटते, पण एजंटच घालतात.

पण ४४ हजार ही वरची हद्द आहे, हक्काची रक्कम नव्हे. करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याचं कलम ७४ सांगतं, की करार मोडल्याबद्दल एखादी रक्कम लिहून ठेवलेली असली तरी मिळते ती त्या मर्यादेतली वाजवी भरपाई. दिल्लीतल्या एका भूखंडाच्या लिलावाचा खटला २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. भूखंड ३ कोटी १२ लाखांना घेणाऱ्याचे आगाऊ भरलेले ७८ लाख सरकारी प्राधिकरणाने जप्त केले होते आणि मग तोच भूखंड ११ कोटी ७८ लाखांना विकला होता. न्यायालयाने विचारलं, तुमचं नुकसान काय झालं? आणि पैसे परत करायला लावले. आपला वन बीएचके म्हणजे काही दिल्लीचा भूखंड नव्हे, पण प्रश्न तोच : १ नोव्हेंबरला दुसरं कुणी २२ हजारांनी राहायला आलं, तर नोव्हेंबरचं भाडं तुम्ही दोघांकडून घेणार का?

म्हणून मी सुचवलं ते असं. ऑक्टोबरचं भाडं नेहमीसारखं पूर्ण घ्या, तो १० तारखेला गेला तरी. महिन्याच्या मध्ये कुणी राहायला येत नाही, हे त्यालाही माहीत आहे. वाद मग फक्त नोव्हेंबरचा राहतो. चावी घ्याल त्या दिवशी ४४ हजार परत द्या आणि २२ हजार ठेवून घ्या, पण लिहून, की ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा नवा भाडेकरू येईपर्यंत, जे आधी होईल ते. घर जितके दिवस रिकामं राहील तितक्या दिवसांचं भाडं कापायचं, उरलेलं परत. आणि याच्या बदल्यात त्याने आजपासून घर दाखवू द्यायचं, शनिवारी-रविवारी, आधी फोन करून. ही अट पैशाहून मोलाची आहे. का, ते माझ्याच फजितीवरून सांगते.

सिंहगड रस्त्याला आमचा एक फ्लॅट आहे. २०११ मध्ये तिथला मुलगा चौथ्या महिन्यात म्हणाला, जातो. मी म्हटलं, लॉक-इन सहा महिन्यांचं, करार मी स्वतः लिहिलाय, सही तुझी आहे. तो काही बोलला नाही. दोन महिन्यांचं भाडं निमूटपणे भरलं आणि चावी खिशात घालून गेला. भाडं भरलंय म्हणजे जागा त्याची, चावी मागायला मला तोंड नाही. घर दाखवता येईना. आणि कुलूपबंद घरात गीझरच्या पाइपाचा सांधा सुटला. खालच्या जोशीकाकूंच्या देवघराच्या छताला पोपडे आले तेव्हा कळलं. त्यांचं छत, आमची फरशी, दोन्ही मी केलं. दोन महिन्यांचं भाडं त्यातच गेलं, वर पंधरा दिवस प्लंबरच्या मागे हिंडले. कायद्याने माझंच बरोबर होतं, अजूनही आहे.

पेंटिंगचं म्हणाल तर, ‘सगळेच कापतात’ हे कारण नाही. तुम्ही मेमध्ये रंग दिलात, ही दोघं चार-सव्वाचार महिने राहिली. राहण्या-वापरण्याने होणारी साधी झीज ज्याची त्याने सोसायची, तुमच्या करारातही तसं लिहिलेलं आहे. भिंतीला मोठं भोक पाडलं, सिंक फोडलं, ट्रॉलीचं चॅनल उपटलं, तर त्या दुरुस्तीचं बिल दाखवून पैसे घ्या. अठरा हजार हा आकडा कुठल्या बिलावरून आला, असं एजंटला विचारा. विचारलंत तेव्हा तो ‘अंदाजे’ म्हणाला ना?

आणि एफडी. इथे मी जरा कडक बोलले होते, त्याबद्दल रागावू नका. डिपॉझिट हे आपलं उत्पन्न नसतं, ते दुसऱ्याने आपल्याकडे ठेवायला दिलेलं असतं. तुमची एफडी मार्चमध्ये सुटते ही त्याची अडचण नाही. मुदतीआधी मोडली तर व्याजाचे काही पैसे जातील, पण ‘मार्चमध्ये देते’ हे वाक्य तोंडातून काढलंत की सगळी चांगुलपणाची बोलणी तिथेच संपतात. पुढच्या वेळी डिपॉझिट बचत खात्यातच ठेवा, निदान दोन महिन्यांच्या भाड्याएवढं.

शेवटचा दिवस. जाणाऱ्याला गडबड असते, तेव्हा आपण सावकाश असावं. विजेच्या मीटरचा फोटो, पाइप गॅसच्या मीटरचा फोटो, सगळ्या चाव्या मोजून. तुम्ही तीन दिल्या होत्या आणि त्यांनी कामवाल्या मावशींसाठी चौथी करून घेतली होती, ती मागून घेतलीत हे उत्तम. सोसायटीला पत्र, गेटच्या अ‍ॅपवरून त्यांची नावं काढणं. आणि सगळ्यात महत्त्वाची ताबा पावती : अमुक नंबरच्या करारातली जागा आज अमुक वाजता रिकामी करून ताबा दिला आणि घेतला, करार आजपासून संपला, डिपॉझिटपैकी इतके परत, इतके या अटीवर शिल्लक. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. नोंदवलेला करार सरकारी नोंदीत एप्रिलअखेरपर्यंतचाच दिसत राहणार. तो आधी संपला हे सांगणारा तुमच्याकडे एवढाच कागद असतो.

पुढचं वाचकांसाठी : रविवारी ती दोघं आली, चहा झाला, पहिली दहा मिनिटं कुणी विषयच काढला नाही. नवे भाडेकरू ८ नोव्हेंबरला आले. सात दिवसांचे ५,१३३ रुपये कापले. एजंटला अर्ध्या महिन्याचं, ११ हजार, कमिशन द्यावं लागलं. ताईंना ते पूर्ण जाणाऱ्या मुलाकडून हवं होतं. मी म्हटलं, एप्रिलअखेर तो गेला असता तरी नव्यासाठी कमिशन लागलंच असतं, फक्त ते लवकर आलं, तेव्हा निम्मं-निम्मं करा. ५,५०० कापले. ६६ हजारांतून एकूण ५५,३६७ परत गेले. दीर अजून म्हणतात, फार दिले.

प्रश्न : मी ठाण्यात भाड्याने राहतो. पाच महिने झाले, मला नाशिकला नोकरी लागली. माझ्या ऑफिसातला मित्र माझ्या जागी यायला तयार आहे, त्याच भाड्याने. मालक दुबईला असतात, फोनवर ‘ठीक आहे, तुम्ही आपसात बघा’ म्हणाले. मी चावी मित्राला देऊन जाऊ का? डिपॉझिट तो मला परस्पर देईल.
– वाचक, ठाणे

उत्तर : नको. मालकांनी ‘आपसात बघा’ म्हटलं ते चांगुलपणाने, पण तुमचा परवाना तुमच्यापुरता आहे, तो हातोहात दुसऱ्याला देता येत नाही. कागदावर राहणारे तुम्हीच राहाल. उद्या मित्राने भाडं थकवलं किंवा त्या पत्त्यावर पोलीस चौकशीला आले, तर नाव तुमचं निघेल. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिलेली असते तीही तुमचीच.

मात्र बदली माणूस आणून देणं ही फार चांगली गोष्ट आहे, मालकाचं भाडं एक दिवसही बुडत नाही. ते नीट करा. मालकांचा आणि मित्राचा नवा करार नोंदवा. परवान्याच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असतं, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी व्याज त्यात धरून. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. वीस-बावीस हजार भाड्याचं घर असलं तरी सरकारी खर्च दोन-सव्वादोन हजारांत बसतो. करार करून देणाऱ्याची फी वेगळी. हा खर्च तुम्ही उचला, कारण घाई तुमची आहे. डिपॉझिट मित्राने मालकांना द्यावं आणि मालकांनी तुम्हाला, बँकेतून. परस्पर देवाणघेवाणीत वर्षभराने कुणाला काय दिलं ते मित्रांनाही आठवत नाही. मालक दुबईत असल्याने त्यांच्या वतीने कुणाकडे मुखत्यारपत्र आहे का, हे आधी विचारा. बहुतेक वेळ तिथेच जातो.

प्रश्न : आमच्या घरमालकांनी करार रजिस्टर केला नाही, स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतली. आता मी सोडतो म्हटल्यावर म्हणतात, सहा महिन्यांचं लॉक-इन तोंडी ठरलं होतं, डिपॉझिट मिळणार नाही. असं काही ठरलं नव्हतं.
– वाचक, कल्याण

उत्तर : नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नाही असं अजून कितीतरी लोक समजतात, कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवण्याचा जुना नियम डोक्यात बसलाय. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ मुदत बघत नाही. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि तुमच्या कामाचं पुढे आहे : नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

पण आधी तो नोटरीचा कागद पुन्हा वाचा, मागच्या पानासकट. त्यात लॉक-इनची ओळ सापडली तर ‘उलट सिद्ध’ तिथेच झालं म्हणून मालक तोच कागद पुढे करतील. नसेल, तर मालकांना एक साधं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा : महिन्याची नोटीस देतो आहे, लॉक-इन ठरलं नव्हतं, अमुक तारखेला डिपॉझिट घेऊन ताबा देईन. कलम ५५ चा उल्लेख शेवटच्या ओळीत, धमकीच्या सुरात नको. विजेचं बिल भरल्याची पावती सोबत जोडा. चावी मात्र वॉचमनकडे ठेवून जाऊ नका. मालक समोर बसून पैसे ट्रान्सफर करतील तेव्हाच त्यांच्या हातात द्या, आणि तिचीही पोच घ्या.